दोघींच्या नावावरची चूक

प्रिय मैथिली,

उद्या सकाळी मी आपलं प्रमेय मागे घेतेय.

वाचलंस? पुन्हा एकदा वाच. तमिळ तू भराभर वाचायचीस आणि मराठी मात्र पहिलीतल्या मुलीसारखी, अक्षरांखाली बोट धरून. तरी हे मराठीतच लिहितेय. हीच गोष्ट इंग्रजीत मी मासिकाच्या संपादकांना लिहून ठेवलीय. सभ्य, कोरड्या ओळी. त्या वाचून कुणाला कळणार नाही की त्या मी किती वेळा खोडून लिहिल्या. संपादक विचारतात, दोन्ही लेखकांची संमती आहे ना? माझी आहे. तुझी मी कुठून आणू गं? म्हणून आज बसलेय, तुला सगळं सांगायला. आधी विचारलं नाही म्हणून रागावू नकोस. विचारायचा फार प्रयत्न केला.

रविवारची दुपार आहे. वेलचेरीतली माझी तीच खोली. खाली शेअर ऑटोवाल्यांचा तोच गलका. पाऊस अजून यायचाय, पण तळमजल्यावरच्या लोकांनी आत्ताच गाद्या माळ्यावर टाकायला सुरुवात केलीय. गेल्या पावसाळ्यात तू होतीस. पावसाळा संपला तेव्हा नव्हतीस.

तुझी पहिली ओळख मला कानांनी झाली, आठवतं? संस्थेच्या कँटीनमध्ये मी ताटातल्या भाताकडे बघत बसले होते. चेन्नईत नवीकोरी, कुणी ओळखीचं नाही. मागच्या टेबलावर कुणीतरी फोनवर म्हणालं, "अप्पा, भोजन जाहलं का? औषध घेतलंत?" मी गर्रकन वळले. भोजन! आमच्या कऱ्हाडात लग्नपत्रिकेबाहेर हा शब्द कुणी काढत नाही! मी विचारलं, "तुम्ही महाराष्ट्रातल्या का?" तर तू म्हणालीस, "नाही. इथलीच, मैलापूरची." आणि माझा चेहरा बघून इतकी हसलीस, की रस्सम सांडलंस. तुझे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथली मराठी घेऊन तिथेच राहिले, हे तू मग सांगितलंस. मला तुझी मराठी जुन्या बखरीसारखी वाटायची आणि तुला माझी टीव्हीवरच्या बातम्यांसारखी.

आपण दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करणार हे त्या दिवशी दोघींनाही माहीत नव्हतं. एकाच फळ्यावर इतकी वर्षं खडू झिजवणार हेही नाही.

माझ्या आईला तू काय समजावलं होतंस, आठवतंय? तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "पोरींनो, तुम्ही दिवसभर नक्की करता तरी काय?" मी तोंड उघडलं तर बाहेर फक्त इंग्रजी शब्द. मॉर्फिझम, कॅटेगरी. तू फोन माझ्या हातातून घेतलास.

"काकू, तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही," तू म्हणालीस. "पण तुम्ही केतकीची आई. कुणाची सून. कुणाची जाऊ, कुणाची नणंद, कुणाची मावशी. ही सगळी नाती मी नीट समजून घेतली, तर तुम्ही कोण ते मला आपोआप कळेल. तुमच्या आत डोकावायची गरजच नाही. आम्ही गणितातल्या वस्तूंचं असंच करतो. वस्तू बघत नाही. वस्तूंमधले बाण बघतो. एकीतून दुसरीत घडण न मोडता जायची रीत, तो बाण. आणि सगळ्या वस्तू नि सगळे बाण मिळून जो संसार, ती कॅटेगरी."

आई फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "मी कशी आहे ते कळायला माझ्या जावेला मात्र विचारू नकोस हां!"

तू हसून हसून खाली बसलीस. आई अजूनही सगळ्यांना सांगते, केतकीच्या मैत्रिणीनं मला एका मिनिटात गणित शिकवलं. मी तिला अजून सांगितलेलं नाही, की आपलं प्रमेय चुकलंय.

चुकलंय, मैथिली! लिहिते आणि वाटतं, कुणीतरी मागून येईल, माझ्या पाठीत धपाटा घालेल आणि म्हणेल, वेडे, तू अधिक-उणे चुकलीस.

चल, क्रमाने सांगते.

आपलं प्रमेय म्हणत होतं, की वरून अगदी वेगळे दिसणारे दोन संसार आतून एकच आहेत. इकडचं सगळं तिकडे नेता येतं आणि तिकडचं इकडे परत आणता येतं, मध्ये काही सांडत नाही. नेण्याचा भाग मी केला होता. परत आणण्याचा अडला होता. त्यात किती महिने गेले! सर म्हणायला लागले होते, अर्धंच छापा. तू ऐकेनास.

आणि मग आपल्या चेन्नईजवळच्या कोवलमची ती सकाळ. खोलीत डोकं चालत नाही म्हणून आपण बस पकडून गेलो होतो. होड्या नुकत्याच किनाऱ्याला लागलेल्या, मासळीचा लिलाव जोरात. तू नाकाला ओढणी लावून चाललेली, आणि मधेच थांबलीस. ओढणी सोडून दिलीस. ओल्या वाळूत काटकीनं बाण काढायला लागलीस, एक, त्याखाली दुसरा, मग तिरके. टोपली घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि तमिळमध्ये म्हणाली, "हे कसलं कोलम? ह्या रांगोळीला ठिपके कुठे आहेत?" तू मान वरही न करता म्हणालीस, "ठिपके नकोतच, अम्मा. रेघाच पुरेत."

मग मला म्हणालीस, "केतकी, बघ. बाण काही सांडत नाही. तिकडची एकही जागा रिकामी सोडत नाही. आणि आपली अट त्याला आवळून धरते. मग तो उलटा फिरवता यायलाच हवा ना?"

मी बघितलं. मला पटलं. देवाशप्पथ पटलं! इतकं सुंदर होतं ते, की मी रडले आणि तू मला हसलीस. पुढे सरांना पटलं, मासिकाच्या परीक्षकांना पटलं. लेख छापून आला, तुझं नाव आधी, माझं नंतर. अप्पांनी पहिलं पान फ्रेम करून देवांच्या तसबिरींशेजारी लावलं आणि तुमच्या गल्लीत घरोघर मैसूरपाक वाटला. शेजारच्या मामींनी विचारलं, "मैथिलीचं लग्न ठरलं का?" तर अप्पा म्हणाले, "त्याहून मोठं जाहलं."

त्यानंतरचा पावसाळा. ताप. साधा ताप म्हणून तू दोन दिवस कुणाला सांगितलंही नाहीस. आणि मग सगळं इतक्या वेगानं झालं, की मला अजूनही ते नीट आठवता येत नाही. रक्तातल्या प्लेटलेट, कोण रक्त देणार, कोण कुठे धावतंय, रस्त्यांवर गुडघाभर पाणी. मी हॉस्पिटलच्या काचेतून तुला बघत होते.

शेवटचं तू माझ्याशी काय बोललीस, हे मी किती वेळा उगाळलं असेल. काहीतरी असेल, एखादा शब्द, गणिताबद्दलची एखादी खूण! नाही. तू म्हणालीस, "इथली इडली म्हणजे कापूस." आणि डोळे मिटलेस. बस्स. एवढंच माझ्याकडे आहे, मैथिली. जगात दोनच माणसांना एक गोष्ट पुरती कळलेली असावी, आणि त्यातल्या एकीनं जाताना इडलीबद्दल बोलावं! मी तुझ्यावर चिडले आहे, तुला कळतंय का? खूप चिडले आहे.

या उन्हाळ्यात सरांनी ठरवलं, की तुझ्या आठवणीसाठी एक व्याख्यान ठेवायचं आणि ते मी द्यायचं. विषय अर्थातच आपलं प्रमेय. मी अप्पांना सांगायला गेले. ते खूश झाले. तू गेल्यानंतर मी त्यांना प्रथमच खूश होताना बघितलं. म्हणाले, "सगळ्यांना बोलावतों. तंजावराहून मैथिलीची आत्तेदेखील येईल. पण एक कर मा, पोरी. मला कळेल असं एक लहानसं उदाहरण दे. मी बँकेत जन्म काढलेला माणूस, मला बाण कळत नाहीत. अगदी लहानसं."

मी म्हटलं, देते.

त्या लहानशा उदाहरणानं घात केला.

मी आमचीच इमारत घेतली. म्हटलं, अप्पांना सांगू: एक इमारत, तिच्यात दोन माणसं, दोघंही वरच्या मजल्यावर. शेजारी दुसरी इमारत, तिच्यातही दोनच जागा, एक वर, एक खाली. नियम एकच: घर बदलताना कुणी वर चढायचं नाही. त्याच मजल्यावर राहा, नाहीतर खाली उतरा. आता पहिल्या इमारतीतली माणसं दुसरीत पाठवा. एक वरच राहिला, एक खाली उतरला. कुणी हरवलं नाही, एकही जागा रिकामी राहिली नाही. सगळं जुळलं! आता त्यांना परत पाठवा. खालच्याला वर चढावं लागेल. आणि नियम म्हणतो, चढायचं नाही. म्हणजे गेलेला बाण बिनचूक, पण उलटा बाण नाहीच.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर आपण ती जास्तीची अट घातली होती, अशा इमारती आपल्या संसारात येऊच नयेत म्हणून. मी अप्पांना हेच दाखवणार होते, की बघा, ही इमारत आपल्या अटीत बसत नाही, म्हणून काळजी नाही. सहज, नुसतं पडताळायचं म्हणून मी अट लावून बघितली.

बसली. ती इमारत आपल्या अटीत चपखल बसली, मैथिली.

मी कागद फाडला, नवा घेतला. पुन्हा बसली. खिडकीशी जाऊन उभी राहिले, पाणी प्यायले, परत आले. पुन्हा तेच. लेखाच्या तिसऱ्या विभागातलं, मधोमधचं, तुझं ते वाळूतलं वाक्य खोटं होतं. तुझा अर्धा भाग त्या वाक्यावर उभा. आणि माझा अर्धा, नेण्याचा, तसाच शाबूत! मला हेच सहन होत नाही. माझा पडला असता तर मी चालवून घेतलं असतं. तुझा का पडावा? तू तर उत्तर द्यायलाही इथे नाहीस!

त्यानंतरचे आठवडे मी तुला सांगू नये, पण तुला नाही तर कुणाला सांगू? अट घट्ट करून बघितली, तर आपल्या कामाची सगळी उदाहरणंच गळून पडली. सैल करून बघितली, तर आणखी भोकं पडली. तुझ्या टेबलावरचे कागद अप्पांच्या परवानगीनं चाळले. वाटलं, तुला शंका आली असेल, तू कुठेतरी कोपऱ्यात काही खरडलं असशील. काही नाही. मांजरांची चित्रं होती. मी आंघोळ करताना तुझ्याशी मोठ्यानं बोलायला लागले. खोलीतल्या मुली माझ्याकडे चोरून बघायच्या. आईचा फोन घेणं सोडलं. एकदा कोवलमलाही जाऊन आले, एकटी. त्याच ठिकाणी बसले, काटकी घेतली. हाताला बाण आठवत होते, डोक्याला काही सुचत नव्हतं. तू तिथे कशी उभी होतीस, कुठल्या पायावर भार होता, तेसुद्धा आठवून बघितलं. जसं काही उभं राहण्यानं गणित सुटतं! शेवटी समुद्राकडे बघून ओरडले, "काय विचार केला होतास तू? सांग ना!" जाळी विणणारे दोघंजण वळून बघायला लागले, मग मी उठले.

तुझ्या डोक्यात आणखी काहीतरी होतं का गं? एखादी अट तुला इतकी उघड वाटली, की तू ती लिहिलीच नाहीस? की आपण दोघी सरळसरळ चुकलो? मला हे कधीच कळणार नाही. या एका वाक्याशी मी रोज उठते.

सरांना सांगितलं. सर वाईट नाहीत, तुला माहीत आहेच. त्यांनी इमारतीचं उदाहरण फळ्यावर स्वतः करून बघितलं आणि खडू खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "व्याख्यान होऊन जाऊ दे. त्या म्हाताऱ्याचा तो दिवस खराब नको करूस. नंतर शांतपणे बघू." आणि दाराशी आले तेव्हा म्हणाले, "तुझा भाग बरोबर आहे. तो वेगळा काढ, तुझ्या एकटीच्या नावानं छाप. दुरुस्तीत लिही, की तिसरा विभाग मैथिलीचा होता. ते खरंच आहे ना? ती गेली. तुला अजून नोकरी मिळवायचीय, केतकी."

खरंच आहे ना! मी बाहेर पडले. जिन्यात येऊन बसले ते दिवे लागेपर्यंत.

व्याख्यानाच्या आदल्या सकाळी मी मैलापूरला गेले. अप्पांना इतरांबरोबर, सभागृहात, सगळ्या नातेवाइकांसमोर कळावं हे मला नको होतं. त्यांनी कॉफी केली. मी इमारतीचं उदाहरण सांगितलं. त्यांना सगळं कळलं, एका दमात. ते हसले. "हे तर सोपं! उद्या हेच सांग."

"अप्पा," मी म्हटलं, "ही इमारत आपल्या प्रमेयात बसायला नको होती. ती बसते. म्हणजे प्रमेय चुकलंय."

"छापताना चुकलं?"

"नाही. मुळातच."

"दुरुस्त होईल?"

"मला येत नाहीये. खूप केलं. येत नाहीये."

"तिला आलं असतं?"

म्हटलं, "माहीत नाही, अप्पा."

त्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"सरांना."

"मग सांगायचंच कशाला?" त्यांचा आवाज इतका चढला, की शेजारच्या मामी दारात आल्या. "माझी पोर गेली. एक कागद राहिला होता भिंतीवर. मी सकाळी देवाला फूल वाहतों, मग त्या कागदाला एक वाहतों. तोही न्यायला आलीस? अय्यो, काय बिघडवलं होतं तिनं तुझं? ऊठ. जा मा. जा इथून."

मी उठले. चपला घालता येईनात. बाहेर मंदिराच्या रस्त्यावर फुलवाल्या, गाड्यांचे हॉर्न, गाण्याच्या सभेला निघालेली माणसं, सगळं नेहमीसारखं चाललेलं. मला वाटलं, तुला मी आज दुसऱ्यांदा पोचवून आले.

मग दुसऱ्या दिवशी मी काय केलं? तू असतीस तर काय करायचंस, हा विचार करून केलं नाही. तेवढं बळच नव्हतं. मी उभी राहिले आणि खोटं बोलताच येईना, एवढंच. पहिल्या रांगेत अप्पांची खुर्ची रिकामी, शेजारी आत्या. मी तुझ्याबद्दल बोलले. कोवलमबद्दल बोलले. मग इमारत काढली, आणि सांगितलं, की मैथिली आणि मी जे प्रमेय छापलं ते चुकीचं आहे, आणि हे बघा, ते इथे मोडतं.

सर मान खाली घालून बसले होते. मागून एका विद्यार्थिनीनं हात वर केला. "मग उरतं काय?"

मी म्हटलं, "जायचा रस्ता उरतो. तो बरोबर आहे. परत यायचा रस्ता कधी असतो आणि कधी नसतो, हे आम्हाला माहीत आहे असं वाटत होतं. ते माहीत नाही."

आणि तेव्हा मला अप्पा दिसले. शेवटच्या रांगेमागे, दाराशी, पांढरी वेष्टी नेसलेले, हातात पिशवी. कधी आले कुणास ठाऊक. मी मंचावरून उतरून तिथवर पोचेपर्यंत ते निघून गेले होते.

पुढे काही दिवस काहीच नाही. मी फोन करायचे, ते उचलायचे नाहीत. मी जगायचं म्हणून जगत होते. मग या गुरुवारी त्यांचाच फोन. "रसवांगी केलीय. भोजनाला ये."

गेले. तुझी ती चिंच-नारळाची वांगी. त्यांनी चिंच इतकी घातली होती, की डोळ्यांत पाणी आलं, आणि बरंच झालं, कारण दोघांनाही एक निमित्त मिळालं. जेवण होईपर्यंत ते मला वाढत राहिले. मग विचारलं, "ती चूक मूर्ख माणसाची होती का?"

"नाही, अप्पा. ती चूक करायला फार वर जावं लागतं. खाली असणाऱ्यांना ती सुचतसुद्धा नाही."

"शरि." नुसतं 'बरं' म्हणावं तसं. मग पुन्हा, "शरि. आता काय करणार?"

मी सांगितलं. प्रमेय मागे घ्यायचं, संपादक संमती विचारतात, तिच्यातर्फे घरच्यांची चालते. सरांनी सुचवलेलंही सांगितलं. लपवलं नाही.

अप्पांनी पानावरचा हात तसाच ठेवला. "वाटणी?" ते म्हणाले. "तुझं बरोबर तुझ्याकडे, तिचं चुकलेलं तिच्याकडे? बहिणी-बहिणींत अशी वाटणी करतात का? ऐक मा. चुकलं तें दोघींचं म्हणून लिही. मग बरोबर आहे तेंही दोघींचं. आणि नाव पहिल्यासारखं ठेव. तिचं आधी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "चुकीवर का होईना, नाव तर असेल कुठेतरी."

मैथिली, मी तिथे जे रडले! आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, उष्टा, चिंचेचा. सही त्यांनी तमिळमध्ये केली, तुझ्या नावाखाली.

सरांनाही सांगून टाकलं, की लेख वेगळा काढणार नाही. ते म्हणाले, "विचार कर." जिथे मुलाखत दिली होती तिथून अजून उत्तर नाही. येणार नाही बहुधा. कोण घेईल गं, चुकलेलं प्रमेय हातात धरून आलेल्या मुलीला?

हे सगळं वाचून तुला वाटेल, म्हणजे आता केतकी सावरली. नाही सावरले. अप्पांनी माफ केलं, तेवढ्यानं ते वाक्य खरं होत नाही. मी अजून रोज तिथेच येऊन आपटते. पूर्वी अडले की वळून विचारायचे, आणि तू अर्ध्या वाक्यात समजायचीस. आता दुसऱ्या कुणाला समजावायला आधी आठवडाभर बोलावं लागतं, आणि बोलता बोलता माझंच मला ऐकू येतं, की मी एकटी आहे. तू अशी कशी गेलीस? मध्येच? परत यायचा भाग तुझा होता, मैथिली! तो तू करणार होतीस!

बरं. पुरे.

उद्या जे पाठवतेय त्याचा शेवटचा परिच्छेद मी आज सकाळी लिहिला. त्यात काहीही दुरुस्त केलेलं नाही. एवढंच म्हटलंय, की कोणत्या अटीखाली हे खरं ठरेल, ते आम्हाला माहीत नाही. हा प्रश्न आम्ही सगळ्यांसमोर ठेवतो. इंग्रजीत लिहिताना बोटं सवयीनं अनेकवचनच लिहून गेली. मी थांबले, ते पुसून 'मला' करायला गेले, आणि हात उचलेना.

म्हणून तुला वचन देते, एकच, आणि ते मोडणार नाही. हा प्रश्न कुणी सोडवो, न सोडवो, मी सोडवो, म्हातारी होईपर्यंत त्यावरच डोकं आपटो, त्याबद्दल लिहिताना मी कधीही एकवचन वापरणार नाही. बाहेरच्यांसाठी ते 'आम्हाला माहीत नाही' असेल. आणि तुझ्याशी बोलताना, आपल्या मराठीत त्यासाठी वेगळा शब्द आहे म्हणून,

आपल्याला माहीत नाही, मैथिली. अजून आपल्याला माहीत नाही.

तिसऱ्या विभागात अडकलेली,
तुझी
केतकी